मैदान सर्वांचें कसें होतें?

खेळाला जात नसते, भाषा नसते, धर्म नसतो, असें आपण सभासंमेलनांतून वारंवार ऐकतों. वाक्य कानाला गोड लागतें आणि बक्षीस-समारंभाच्या भाषणांत शोभूनही दिसतें. परंतु तें इतिहासाच्या कसोटीस लावलें म्हणजे असें आढळतें कीं, खेळ स्वभावतःच माणसांना जोडतो असें नाहीं. तो जोडतोही आणि तोडतोही. चेंडू तोच, पण त्याच्याभोंवतीं नियम कसे आंखले आहेत, मैदानाची वेळ कोणाच्या हातीं आहे आणि गडी कोणत्या रीतीनें वाटले जातात, यांवर त्याचा परिणाम अवलंबून असतो. प्रस्तुत लेखांत या एका गोष्टीचा विचार आमच्या विद्यार्थिमित्रांबरोबर व त्यांच्या पालकांबरोबर करावा, असें आम्हीं योजिलें आहे. उदाहरणादाखल आपल्या महाराष्ट्रांत सर्व थरांतील मुलामुलींसाठीं चालविलेलीं फुटबॉल-मंडळें घेतलीं आहेत.

१. प्रश्न आपल्या दाराशीं आहे

कल्याण सोडून कर्जतकडे निघालेली गाडी विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशीं स्थानकें घेत जाते. या गांवांचा पूर्ववृत्तांत थोडक्यांत आठवावा. अंबरनाथचें शिवालय शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, या कालच्या शिलालेखामुळें प्रसिद्ध आहे. परंतु आजचें अंबरनाथ वाढलें तें कारखान्यांमुळें, आणि कारखान्यांबरोबर दूरदूरच्या प्रांतांतील कामगार तेथें आले. उल्हासनगर ही मूळची दुसऱ्या महायुद्धाच्या काळांतील लष्करी छावणी. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून निर्वासित झालेल्या कुटुंबांना तेथें आसरा मिळाला आणि १९४९ सालीं त्या छावणीस उल्हासनगर हें नांव लाभलें. बदलापूर हें उल्हास नदीच्या कांठचें गांव. तेथील जुन्या आगरी, कुणबी, ठाकूर, कातकरी वस्तीच्या शेजारीं आतां नव्या इमारती उभ्या राहिल्या आहेत, आणि त्यांतील शेंकडों माणसें रोज पहांटे मुंबईच्या गाडीसाठीं फलाटावर उभीं असतात. आपल्या हेंद्रेपाड्यासारख्या वस्तींत एकाच जिन्यावर दोनतीन भाषा कानीं पडणें ही आज नवलाची गोष्ट राहिलेली नाहीं.

इतकीं निरनिराळीं माणसें जवळ राहतात खरीं. पण जवळ राहणें निराळें आणि एकत्र असणें निराळें. मुलांच्या शाळा माध्यमाप्रमाणें वेगळ्या, सण धर्माप्रमाणें वेगळे, शिकवणीचे वर्ग आईबापांच्या ऐपतीप्रमाणें वेगळे. मग कातकऱ्याचा मुलगा, सिंधी दुकानदाराचा मुलगा, उत्तरेकडून आलेल्या रिक्षावाल्याची मुलगी आणि कचेरींतील कारकुनाचा मुलगा यांनीं परस्परांस नांवानें हांक मारावी अशी जागा कोणती? मैदान, असें उत्तर आपण चटकन् देऊं. पण तें मैदान आपोआप सर्वांचें होत नाहीं. हें सिद्ध करावयास फार लांब जावयास नको. मुंबईचाच इतिहास पाहूं.

२. खेळ माणसांस तोडतो तेव्हां

मुंबईंत क्रिकेट रुजलें तें पंथवार. १८७७ सालीं पारशी संघ गोऱ्यांच्या जिमखान्याशीं खेळूं लागला. १९०७ सालीं हिंदु संघ आला व तिरंगी सामने सुरू झाले. १९१२ सालीं मुसलमानांचा संघ मिळून ते चौरंगी झाले. आणि १९३७ सालीं पांचवा संघ आला. या पांचव्या संघाचें नांवच ‘बाकीचे’ अशा अर्थाचें होतें! वरील चारांत जे बसत नव्हते ते ख्रिस्ती, यहुदी इत्यादि सर्व या संघांत घातले जात. सांगलीस जन्मलेले विजय हजारे हे मराठी ख्रिस्ती खेळाडू याच संघांतून खेळले. १९४३-४४ च्या अंतिम सामन्यांत त्यांच्या संघाच्या दुसऱ्या डावांतील ३८७ धांवांपैकीं ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या होत्या. एवढा पराक्रमी पुरुष, पण मैदानावर त्याची पहिली ओळख कोणती? तर तो ‘बाकीच्यां’पैकीं एक. या सामन्यांना प्रेक्षकांची अलोट गर्दी होत असे; परंतु खेळाच्या मैदानावर धर्मवार तट पाडणें इष्ट नव्हे, असें मत महात्मा गांधींनीं १९४० सालीं स्पष्टपणें दिलें, आणि १९४६ मध्यें हे सामने कायमचे बंद पडले.

याहूनही बोधप्रद कथा पळवणकर बाळू यांची आहे. चांभार समाजांत जन्मलेले बाळू पुण्यास गोऱ्यांच्या क्लबांत मैदान राखण्याच्या नोकरीवर होते. तेथें सरावासाठीं गोलंदाजी करतां करतां ते असे तरबेज झाले कीं, पुण्याच्या हिंदु क्लबाला त्यांना आपल्या संघांत घ्यावेंच लागलें. १९११ सालीं इंग्लंडला गेलेल्या हिंदी संघांतून त्यांनीं शंभराहून अधिक बळी घेतले. पण पुण्याच्या त्या क्लबांत चहाच्या वेळीं सहकारी आंत चिनी मातीच्या पेल्यांतून चहा घेत आणि बाळूंना तो बाहेर, फेंकून देण्याच्या मातीच्या भांड्यांत मिळे. संघाचें नायकत्व त्यांना कधींच देण्यांत आलें नाहीं. तें १९२३ सालीं त्यांचे धाकटे बंधु विठ्ठल यांना मिळालें, आणि तेंही पुष्कळ वादविवादानंतर.

या कथेंतील मर्म विद्यार्थ्यांनीं नीट ध्यानांत घ्यावें. बाळूंना संघाचें दार बंद नव्हतें. चेंडू टाकण्यापुरतें तें सताड उघडें होतें. चहाच्या पेल्यापाशीं तें बंद होत होतें. तेव्हां ‘आमच्याकडे कोणालाही मज्जाव नाहीं’ एवढ्या एका वाक्यानें मंडळ सर्वांचें होत नाहीं. आंत आलेल्यास कोठें बसवितात, कशांतून पाणी देतात आणि निर्णय घेतांना त्याचें मत विचारतात कीं नाहीं, हेंही पाहिलें पाहिजे.

३. चामड्याचा चेंडू

आतां फुटबॉलकडे वळूं. हा खेळ आपल्या देशांत आणला तो मुख्यतः गोऱ्या पलटणींनीं आणि मिशनच्या व सरकारी शाळाकॉलेजांनीं. सिमल्याचा ड्युरँड चषक १८८८ पासूनचा व मुंबईचा रोव्हर्स चषक १८९१ पासूनचा. दोन्ही आरंभीं लष्करी संघांचेच होते.

त्याच १८९१ सालीं श्रीनगर येथील मिशन-शाळेंत टिंडेल-बिस्को नांवाच्या शिक्षकानें विद्यार्थ्यांपुढें फुटबॉल ठेविला. विद्यार्थी बहुतेक ब्राह्मण कुळांतील. चेंडू कशाचा, असें त्यांनीं विचारलें. चामड्याचा, असें उत्तर मिळतांच ते शिवावयास तयार होईनात. गुरुजी हट्टास पेटले. हातीं काठ्या घेतलेले शिक्षक मैदानाभोंवतीं उभे केले आणि मुलांना खेळावयास लाविलें. मध्येंच चेंडू एका मुलाच्या तोंडावर आदळला आणि विटाळ झाला म्हणून एकच आकांत झाला. त्या मुलास कालव्यावर नेऊन तोंड धुवून आणलें आणि खेळ पुढें चालू झाला. काळाच्या ओघांत त्याच शाळेंत फुटबॉल आवडीचा झाला. गुरुजींचा हेतु चांगला असेल. परंतु काठीच्या धाकानें मोडलेला विटाळ मनांतून किती गेला असेल, हा प्रश्न उरतोच. सक्ति ही एक रीत झाली. ती आजच्या मंडळांना उपयोगी नाहीं, कारण मंडळांत मूल आपखुशीनें येतें व आपखुशीनें निघूनही जातें.

कलकत्त्यास निराळें घडलें. तेथें १९११ च्या २९ जुलै रोजीं मोहन बागान संघानें ईस्ट यॉर्कशायर पलटणीचा २-१ असा पराभव करून आय्. एफ्. ए. ढाल जिंकली. त्या अकरा गड्यांपैकीं दहा अनवाणी होते. बूट घालून खेळणारे एकटे सुधीर चटर्जी हे ख्रिस्ती होते व ते पुढें पाद्री झाले. अनवाणी आणि बूटवाले, हिंदु आणि ख्रिस्ती, एकाच बाजूस उभे राहून खेळले. पायांत बूट असलाच पाहिजे असा नियम त्या सामन्यास असता, तर हा विजय इतिहासांत नोंदलाच गेला नसता. नियम लहान दिसतात; पण दार उघडण्याचें वा लावण्याचें काम तेच करतात.

४. नागपूरचें उदाहरण

बूट, चेंडू, मैदान आणि वर्गणी यांचें महत्त्व आपल्या महाराष्ट्रांत ज्यांनीं कृतीनें ओळखलें, त्यांत नागपूरचे श्री. विजय बारसे यांचें नांव प्रथम घेतलें पाहिजे. ते तेथील हिस्लॉप कॉलेजांत क्रीडाशिक्षक होते. स्कॉटलंडहून आलेल्या मिशनऱ्याच्या नांवाची ही संस्था १८८३ पासूनची आहे. २००१ च्या सुमारास पावसाच्या सरींत कांहीं झोपडपट्टींतील मुलें फुटकी बादली लाथाडीत खेळत असलेलीं त्यांच्या दृष्टीस पडलीं. त्यांनीं त्यांना चेंडू दिला. येथवर कोणीही सहृदय मनुष्य गेला असता. परंतु बारसेसरांनीं पुढचा विचार केला. शहरांत फुटबॉलचे सामने होत नव्हते असें नाहीं. ते होत होते, आणि ‘सर्वांसाठीं’च होत होते. मग हीं मुलें तेथें कां दिसत नाहींत? कारण तेथें जावयाचें तर क्लब हवा, गणवेष हवा, बूट हवेत, आणि ‘तुम्ही कोठले?’ या प्रश्नास न लाजतां देतां येईल असें उत्तर हवें.

म्हणून त्यांनीं झोपडपट्टींतील मुलांसाठींच स्पर्धा भरविली आणि तिला नांवही ‘झोपडपट्टी फुटबॉल’ असेंच दिलें. पत्ता लपविण्याऐवजीं तोच पत्ता फलकावर आला. या स्पर्धेस शंभराहून अधिक संघ लोटले. एवढे खेळाडू शहरांत होतेच. त्यांच्यासाठीं दार मात्र नव्हतें. पुढें ‘स्लम सॉकर’ या नांवानें हें कार्य महाराष्ट्राबाहेरही पसरलें. निवृत्तीच्या वेळीं मिळालेला पैसा घालून बारसेसरांनीं नागपूरजवळ बोखारा येथें जागा घेतली. त्यांचे चिरंजीव अभिजित परदेशांतून परत येऊन या कार्यास लागले. मुलींचे संघ निघाले. बहिऱ्या मुलांसाठींही खेळाचे वर्ग सुरू झाले. २०१६ सालीं जागतिक फुटबॉल संघटनेचें, म्हणजे ‘फिफा’चें, विविधतेच्या कार्याबद्दलचें पारितोषिक या संस्थेस मिळालें. २०२२ सालीं श्री. नागराज मंजुळे यांनीं याच कार्यावरून ‘झुंड’ हा चित्रपट काढला, तो आमच्या पुष्कळ वाचकांनीं पाहिला असेल.

येथें चिकित्सक विद्यार्थी विचारील, “केवळ झोपडपट्टीसाठीं स्पर्धा भरविणें हें पंथवार क्रिकेटसारखेंच झालें नाहीं काय? दोन्हींकडे तट पाडलेलेच.” प्रश्न योग्य आहे. उत्तर असें कीं, पंथवार सामन्यांत आधींच आंत असलेले लोक आपापल्या भिंती बांधून खेळत होते. नागपुरांत जे भिंतीच्या बाहेर होते त्यांच्यासाठीं पायरी बांधली गेली. पायरी ही वर चढण्यासाठीं असते, तिच्यावर घर करून राहण्यासाठीं नव्हे. भिंत आणि पायरी दोन्ही विटांच्याच असतात. भेद उद्देशाचा आहे, आणि पुढें काय होतें त्याचा आहे. या झोपडपट्टींतून निघालेले खेळाडू पुढें देशोदेशींच्या संघांबरोबर ‘बेघरांच्या विश्वचषका’त खेळले, तेव्हां त्यांच्या अंगावर नागपूरच्या गल्लीचें नव्हे, तर भारताचें नांव होतें.

या बेघरांच्या विश्वचषकाची रचनाही पाहण्यासारखी आहे. २००३ सालीं ऑस्ट्रिया देशांतील ग्राझ शहरीं तो प्रथम भरला. त्यांत एका बाजूस चारच गडी असतात, गोलरक्षक धरून. मैदान अवघें २२ मीटर लांब व १६ मीटर रुंद. आणि सामना सात सात मिनिटांच्या दोन डावांत आटोपतो. मोठें मैदान नाहीं म्हणून खेळ नाहीं, असें म्हणणाऱ्यांस हें उत्तम उत्तर आहे. दोन इमारतींमधील मोकळ्या जागेंतही एवढें चौकोनी अंगण आंखतां येतें.

५. मुंबई आणि मुंब्रा

मुंबईंत कफ परेड भागांतील आंबेडकर नगर या वस्तींत श्री. अशोक राठोड यांनीं २००६ सालीं ‘ऑस्कर’ नांवाचें कार्य आरंभिलें. ते स्वतः त्याच वस्तींत वाढले. शाळा सोडून मुलें लहान वयांतच मोलमजुरीस लागतात व मग व्यसनांच्या आहारीं जातात, हें त्यांनीं जवळून पाहिलें होतें. त्यांनीं फुटबॉल सुरू केला तो एका अटीवर: शाळा नाहीं, तर फुटबॉलही नाहीं. अभ्यास आणि खेळ यांचें वैर आहे असें समजणाऱ्या पालकांनीं या अटीचा विचार करावा. येथें खेळ अभ्यासाच्या आड आला नाहीं. उलट ज्या मुलाला पुस्तकाची ओढ नव्हती त्याला चेंडूच्या ओढीनें शाळेंत राहावें लागलें.

आपल्याच रेल्वेमार्गावर, ठाणें आणि कल्याण यांच्यामध्यें, मुंब्रा हें गांव आहे. १९९२-९३ च्या मुंबईंतील दंगलींनंतर तेथें मुसलमान वस्ती फार वाढली. तेथें २०१२ सालीं ‘परचम’ नांवाच्या गटानें मुलींचा फुटबॉल सुरू केला. परचम म्हणजे निशाण. उर्दू कवि मजाज यांच्या प्रसिद्ध कवितेवरून हें नांव घेतलेलें आहे. निरनिराळ्या धर्मांच्या मुलींनीं एकत्र खेळावें आणि त्या निमित्तानें परस्परांस ओळखावें, हा हेतु. पण पहिलीच अडचण अशी कीं, मैदान मुलग्यांनीं व्यापलेलें. कोणी मुलींना ‘येऊं नका’ असें म्हटलें नव्हतें. पण सकाळपासून रात्रीपर्यंत त्यांच्यासाठीं जागाच उरत नव्हती. तेव्हां मुलींनीं स्वतः सह्या जमविल्या आणि आम्हांलाही मैदान हवें, अशी मागणी लोकप्रतिनिधींपुढें मांडली. खेळ शिकण्याच्या आधींच त्या नागरिकशास्त्राचा एक धडा शिकल्या.

मुलींच्या बाबतींत नियमांनीं दार कसें लाविलें जातें याचीं उदाहरणें परदेशांतही आहेत. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेनें १९२१ सालीं आपल्या सभासद-क्लबांचीं मैदानें स्त्रियांच्या सामन्यांस बंद केलीं. ती बंदी सुमारें पन्नास वर्षें टिकली. डोक्यावर वस्त्र बांधून खेळण्यास जागतिक नियमांत स्पष्ट परवानगी मिळाली ती २०१४ सालीं. त्याच्या आदल्याच वर्षीं कॅनडांतील क्वेबेक प्रांतांत शीख मुलांना पगडी बांधून खेळण्यास बंदी झाली होती व पुढें ती उठवावी लागली. मुलाला पगडी आणि चेंडू यांपैकीं एक निवडावयास लावणारा नियम, आणि दोन्ही घेऊन ये म्हणणारा नियम: कागदावर फरक एका ओळीचा, पण मुलाच्या आयुष्यांत केवढा!

६. भांडण मिटविण्याची कला

मंडळ मोडतें तें बहुधा भांडणानें. गोल झाला कीं नाहीं, हात लागला कीं नाहीं, येथून आरंभ होतो. आणि दोन मिनिटांत वाद चेंडूवरून जातीवर, भाषेवर, ‘तुमच्या लोकां’वर येतो. म्हणून सर्वसमावेशक मंडळाची खरी परीक्षा भांडणाच्या वेळीं होते.

या बाबतींत दक्षिण अमेरिकेंतील कोलंबिया देशाचें उदाहरण मननीय आहे. १९९४ च्या विश्वचषकांत त्या देशाच्या आंद्रेस एस्कोबार या खेळाडूकडून चुकून आपल्याच जाळ्यांत चेंडू गेला. तो मायदेशीं परतल्यावर मेडेलिन या त्याच्याच शहरांत त्याचा गोळ्या घालून खून झाला. त्या दुःखद घटनेनंतर मेडेलिनच्या गल्ल्यांतून ‘शांततेसाठीं फुटबॉल’ ही चळवळ निघाली. तिचे नियम असे: पंच असणार नाहीं, मुलें व मुली एकाच संघांत खेळतील, आणि संघाचा पहिला गोल मुलीनें केला पाहिजे. शेवटच्या नियमाचा परिणाम पाहा. जो दांडगा मुलगा एरवीं मुलीकडे चेंडू जाऊंच देत नाहीं, त्याला आतां ती चांगली खेळावी अशी मनापासून इच्छा करावी लागते! उपदेशानें जें साधलें नसतें तें एका नियमानें साधलें.

याच कल्पनेंतून तीन भागांच्या फुटबॉलची पद्धति निघाली व ती आज अनेक देशांतील मंडळें वापरतात. पहिल्या भागांत दोन्ही संघ समोरासमोर बसून नियम ठरवितात, दुसऱ्यांत खेळतात, तिसऱ्यांत पुन्हां बसून, कोण कसें वागलें याचा निवाडा करतात आणि सद्वर्तनाचे गुण एकमेकांस देतात. मध्यस्थ असतो, पण तो शिट्टी वाजवून हुकूम सोडीत नाहीं; बोलतें करतो. ज्यानें नियम स्वतः केला, त्याला तो मोडतांना लाज वाटते. आपल्या गांवच्या पंचायतीचें तत्त्वही मूळ हेंच नव्हे काय?

७. आपल्या येथें काय करतां येईल?

वरील उदाहरणांवरून हेंद्रेपाड्यासारख्या वस्तींत मुलांचें फुटबॉल-मंडळ काढावयाचें झाल्यास कोणत्या गोष्टी सांभाळाव्या, हें आम्ही थोडक्यांत मांडतों.

(अ) वेळ. मैदान कोणाचें, याचें उत्तर वेळापत्रकांत असतें. मुलींची वेळ, लहान मुलांची वेळ आणि मोठ्यांची वेळ लिहून लावावी. न लिहिलेली वेळ नेहमीं बळकटाच्या वांट्यास जाते. पावसाळा हा फुटबॉलचा खरा ऋतु. चिखलानें क्रिकेट बंद पडतें तेव्हां मैदान मोकळें मिळतें, ती संधि साधावी.

(आ) खर्च. चेंडू मंडळाचा असावा. बुटांची सक्ति नसावी. किंवा सर्वांनीं अनवाणी अथवा सर्वांनीं साध्या कॅनव्हासच्या बुटांनीं खेळावें, म्हणजे कोणाचा पाय तुडविला जाणार नाहीं आणि कोणाचें मनही. वर्गणी ज्याला देतां येईल त्यानें द्यावी. ज्याला येत नाहीं त्यानें मैदान झाडून, रेघा मारून, जाळें बांधून तिचा वांटा उचलावा. परंतु झाडण्याचें काम नेहमीं त्याच मुलांकडे राहूं नये. आठवड्यागणिक पाळी सर्वांवर यावी, नाहीं तर चहाच्या पेल्याची जुनी गोष्ट पुन्हां नव्या रूपानें घडेल.

(इ) गडी वाटणें. दोन नायक आळीपाळीनें गडी मागून घेतात, ही आपल्याकडील जुनी रीत. तिच्यांत एक दोष आहे. शेवटीं एक मूल उभें राहतें, ज्याला कोणीच मागत नाहीं. मग कोणी तरी दयेनें त्याला ‘लिंबूटिंबू’ म्हणून घेतो. हें मूल बहुधा नव्यानें राहावयास आलेलें, भाषा न समजणारें किंवा अंगानें दुबळें असतें. त्याऐवजीं चिठ्ठ्या टाकून अथवा एक-दोन, एक-दोन असे अंक मोजून गडी वाटावे. म्हणजे एकाच इमारतीचा, एकाच शाळेचा किंवा एकाच भाषेचा संघ सहसा होणार नाहीं, आणि शेवटीं एकटें उभें राहण्याचा प्रसंग कोणावर येणार नाहीं.

(ई) बोली. मैदानावर लागणारे शब्द मोजके असतात: दे, सोड, माझा, मागें, डावीकडे. हे शब्द प्रत्येकानें एकमेकांच्या भाषेंत शिकावे. नवीन आलेल्या मुलाला मराठी येईल तीही अशीच, आणि आपल्याला सिंधीचे वा तमिळचे चार शब्द येतील तेही असेच.

(उ) पाणी. पाण्याचें पिंप एक, पेला एक आणि तो विसळण्याची पाळी सर्वांची. ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. पण बाळूंची हकीकत ज्यानें वाचली त्याला ती क्षुल्लक वाटणार नाहीं.

(ऊ) निवाडा. खेळानंतर दहा मिनिटें बसून बोलावें. त्या दिवशीं कोणाला चेंडू मिळालाच नाहीं, कोणाला अपशब्द लागला, हें विचारावें. जो कधींच बोलत नाहीं त्याला प्रथम विचारावें.

८. पालकांस दोन शब्द

पालकांच्या मनांतील शंका आम्हांस ठाऊक आहेत. अभ्यास बुडेल, लागेल-खरचटेल, ‘नको त्या’ मुलांची संगत लागेल. पहिलीस कफ परेडची अट हें उत्तर आहे. दुसरीस असें म्हणतां येईल कीं, गुडघा खरचटल्याचा व्रण आठवड्यांत बरा होतो. तिसरी शंका मात्र विचार करण्याजोगी आहे. ‘नको तीं’ मुलें म्हणजे कोण? तीं याच रस्त्यानें शाळेला जातात आणि याच नदीचें पाणी पितात. उद्यां आपलीं मुलें मोठीं होतील तेव्हां याच मुलांबरोबर त्यांना गाडींत शेजारीं उभें राहावयाचें आहे, कचेरींत काम करावयाचें आहे, मतदान करावयाचें आहे. त्यांची ओळख वयाच्या दहाव्या वर्षीं चेंडूमागें धांवतांना झाली तर ती मैत्री होते. पुढें एखाद्या तंट्याच्या दिवशीं प्रथम झाली तर तें भय होतें. या दोहोंपैकीं एकाची निवड आपण रोज, न कळत, करीत असतों.

मुलीच्या पालकांस आणखी एक विनंति. मुलगी खेळावयास निघाली कीं आपण तिला परत येण्याची वेळ विचारतों; मुलग्याला विचारीत नाहीं. दोघांनाही विचारा, किंवा एखाद्या दिवशीं स्वतःच मैदानाच्या कडेला जाऊन उभे राहा. आईबाप कडेला उभे असतील त्या मैदानावर मुलींची संख्या आपोआप वाढेल, असा आमचा विश्वास आहे.

सारांश, खेळाला भेद नसतो हें विधान वस्तुस्थिति म्हणून खोटें आहे. प्रतिज्ञा म्हणून मात्र तें खरें करतां येतें. तें खरें करावयास मोठा पैसा लागत नाहीं, मोठें मैदानही लागत नाहीं. लागते ती एक सवय: चेंडू उचलण्यापूर्वीं चहूंकडे पाहून, कडेला कोण उभा राहिला आहे आणि कां, हें विचारण्याची.

अभ्यासार्थ प्रश्न

१. ‘दार उघडें असणें’ आणि ‘मंडळ सर्वांचें असणें’ यांतील भेद पळवणकर बाळू यांच्या उदाहरणानें स्पष्ट करा.

२. पंथवार क्रिकेट-सामने आणि नागपूरची झोपडपट्टी-स्पर्धा यांत साम्य कोणतें व भेद कोणता? लेखांतील उत्तर तुम्हांस पटतें काय? न पटल्यास कारणें द्या.

३. श्रीनगरच्या शाळेंतील सक्ति आणि मेडेलिनचा नियम, दोहोंनींही मुलांचें वर्तन बदललें. कोणता बदल अधिक टिकाऊ वाटतो?

४. तुमच्या घराजवळील मैदानावर एका आठवड्यांत कोण, किती वाजतां खेळतें याचा तक्ता करा. त्यांत मुलींची वेळ किती आहे तें मोजा.

५. तुमच्या गल्लींतील मुलांसाठीं चार नियमांचें एक लहानसें फुटबॉल-मंडळ कल्पून त्याचे नियम लिहा. प्रत्येक नियमापुढें, त्यानें कोणाला आंत यावयास मदत होईल, तें एका वाक्यांत सांगा. हे नियम आईवडिलांस वाचून दाखवा आणि त्यांचें मत लिहून आणा.